न कोसळलेली घळ

"सोलापूरची बर्फवाली" हे नाव वल्लरीला श्यामकांतकाकांनी दिलं होतं. काकांनी एखाद्याला नाव दिलं की ते नेदरलँड्समधल्या निम्म्या मराठी घरांत आठवड्याभरात पोचायचं. जिथे उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो त्या सोलापुरातली मुलगी युट्रेख्टच्या विद्यापीठात बर्फावर पीएच.डी. करते, यात गंमत आहे हे तिलाही मान्य होतं. पण गंमत एकदा करायची असते. तीच गंमत तीन वर्षं चालवली की तिची टवाळी होते, आणि टवाळी मुकाट्याने ऐकून घेण्यातली वल्लरी नव्हती.

श्यामकांतकाका न्यूनेनला राहायचे. एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशी उलटली तरी अंगावर चरबीचा पत्ता नाही, आणि चालायला लागले की तिशीतल्या पोरांना धाप लागायची. पुण्यात असताना त्यांनी सह्याद्री उभा-आडवा पालथा घातला होता. या देशात आल्यापासून मात्र त्यांची पंचाईत झाली होती. इथे सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, आणि तोही सायकलवरून येणाऱ्या आज्या शिट्टी वाजवत चढून जातात. मग काकांनी इथल्या मराठी पोरांचा ग्रुप जमवला आणि सुट्ट्या लागल्या की त्यांना घेऊन ते दूरचे डोंगर शोधायला निघायचे.

वल्लरीचा नवरा सौमित्र या ग्रुपचा जुना गडी. डीमनला ऑफिस, युट्रेख्टला घर, आणि मन कायम कुठल्यातरी कड्यावर. पुण्यात कॉलेजात असताना एका किल्ल्यावरून उतरताना त्याचा पाय मोडला होता, तेव्हा काकांनी त्याला पाठीवर घेऊन पायथ्यापर्यंत आणलं होतं. ही गोष्ट सौमित्र लग्नाआधी वल्लरीला सांगायचा तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी यायचं. लग्नानंतर तिच्या लक्षात आलं की नवरा अजून त्या पाठीवरून उतरलेलाच नाही.

तर २००५ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेला जायचं ठरलं. उत्तरेकडचा किनारा, समुद्राच्या खाडीतून सरळ उभे राहिलेले डोंगर, वर भगवा लावायचा, फोटो काढायचा आणि तो पाडव्याच्या कार्यक्रमात सगळ्यांना दाखवायचा. सहा जण जाणार होते, सगळे पुरुष. बायकांना कोणी विचारलंच नव्हतं. वल्लरीलाही नाही, जिने त्याच किनाऱ्यावर दोन हिवाळे फावड्याने बर्फात खड्डे खणून थर मोजण्यात घालवले होते.

बेत ठरवायला सगळे काकांच्या घरी जमले. दिवाणखान्यात नकाशा पसरला होता. काकांनी पेन्सिलीने खाडीपासून वरच्या खिंडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली होती.

"ही बघा घळ," काका म्हणाले. "अगदी आपल्याकडच्यासारखी. दोन्ही बाजूंना भिंती, वाट चुकायचा प्रश्नच नाही. धारेवरून गेलो तर वारा उडवून लावील. सह्याद्रीत कडा सरळसोट असला की माणूस काय करतो? घळ शोधतो. बकऱ्यासुद्धा घळीतूनच उतरतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना हे पाठच असतं. धार म्हणजे धोका, घळ म्हणजे वाट. वल्लरी सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होती. तिने वाकून नकाशावरच्या उंचीच्या रेघा पाहिल्या. घळीच्या वर मोठ्या परातीसारखी खोलगट जागा होती, आणि पश्चिमेकडून वाऱ्याने आणलेला सगळा बर्फ तिथेच साठणार होता.

"काका, घळ नको," ती म्हणाली. "धारेवरून जा."

"का बरं?"

"कारण तिथला डोंगर उलटा चालतो. धारेवर वारा असतो म्हणून बर्फ टिकत नाही, दगड उघडा राहतो. आणि वरच्या परातीत जे काही साठतं ते खाली यायला एकच रस्ता असतो, ही घळ. तुम्ही नळाच्या तोंडात चढायला निघालाय."

"अगं, पण किनाऱ्यावरचा बर्फ चांगला दाबून बसलेला असतो म्हणतात ना? मी वाचलंय."

"बरोबर वाचलंय. समुद्र जवळ म्हणून थंडी बेताची, बर्फ भरपूर, म्हणून तो लवकर बसतो आणि बहुतेक दिवस गप्प असतो. माणसं फसतात ती त्यामुळेच. समुद्रावरून ऊबदार वारा आला की दुपारी हिमवर्षाव चाललेला असतो आणि रात्री त्याचा पाऊस होतो. पाणी बर्फात मुरतं, वजन वाढतं, आणि सगळं एकदम सुटतं. त्यात यंदा फेब्रुवारीत तिकडे कोरडी थंडी पडून गेली. तेव्हा तयार झालेला साखरेसारखा सुटा थर अजून खाली तसाच आहे."

चेहरे कोरेच होते. वल्लरीच्या लक्षात आलं की तोंडाने सांगून भागणार नाही. आत मंजूषाकाकू पिठल्याबरोबर भाकऱ्या करत होत्या. वल्लरी आत गेली, एक थाळी घेतली, तिच्यात मूठभर रवा पसरला, आणि काकूंनी नुकतीच थापलेली कच्ची भाकरी उचलून त्या रव्यावर ठेवली. थाळी घेऊन ती बाहेर आली.

"हा रवा म्हणजे खालचा सुटा थर. ही भाकरी म्हणजे वर वाऱ्याने दाबून बसवलेला थर. भाकरी घट्ट आहे, बोटाने दाबलीत तर मजबूत वाटते. माणूस तिच्यावर उभा राहतो आणि म्हणतो, वा, काय पक्की जमीन आहे." तिने थाळी हळूहळू कलती केली. काही झालं नाही. आणखी कलती केली. काही झालं नाही. कोणीतरी हसलं. मग थाळी जिन्याच्या उताराएवढी झाली आणि अख्खी भाकरी एका दमात सरकून नकाशावर पडली, नेमकी पेन्सिलीच्या रेघेवर.

मग काका म्हणाले, "काय आहे, सोलापूरकरांना बर्फातसुद्धा भाकरीच दिसते!"

हास्याचा जो फवारा उडाला त्यात सौमित्रही होता. वल्लरीला ते हसू अगदी वेगळं ऐकू आलं. तिने भाकरी उचलली आणि थाळी आत नेऊन ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी तिने सौमित्रला एवढंच विचारलं, "गाडलेल्याला शोधायची यंत्रं घेतलीत का? फावडी?"

"काका म्हणाले, ओझं कशाला. घळीत दोर लागतो, तो घेतलाय."

दोर! बर्फाखाली गेलेल्या माणसाला दोर काय पाणी पाजणार होता? पण भांडून त्याला पाठवायचं तिच्या जिवावर आलं. तिने त्याच्या पिशवीत लोकरीचे मोजे घातले, चिवड्याची पुडी घातली आणि दारात उभं राहून हात हलवला.

शनिवारी ती सायकल काढून विद्यापीठात गेली. वारा समोरून होता. रस्त्याच्या कडेला पिवळी डॅफोडिल्स फुललेली होती आणि बागेत लोक मुलांना शोधायला ईस्टरची रंगीत अंडी लपवत होते. सुट्टीमुळे विभागात चिटपाखरू नव्हतं. तिला प्रबंधाचं प्रकरण पुरं करायचं होतं, पण तिने पहिल्यांदा नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांचे आकडे उघडले.

दक्षिणेकडच्या पहिल्या केंद्रावर तापमान सकाळीच शून्याच्या वर गेलं होतं. जेवणाच्या सुमारास त्याच्या पुढच्या केंद्रावर गेलं. ऊबदार हवा किनारा धरून उत्तरेला चालली होती, आणि तिच्याबरोबर पाऊस होता. रविवारी सकाळपर्यंत तो घळीच्या माथ्यापर्यंत पोचणार होता. वल्लरीने आकडे पुन्हा पाहिले, मग नकाशे पाहिले, मग उगाच कॉफी आणली आणि ती न पिता फोन उचलला.

"अगं काय सुंदर आहे इथे!" सौमित्रचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पांढराशुभ्र, भुरभुर चाललीय. उद्या पहाटे निघतोय."

"काकांना दे."

"काय झालं?"

"फोन दे त्यांना."

काका फोनवर आले. मागे कोणीतरी गाणं म्हणत होतं, चहाच्या कपांचे आवाज येत होते.

"बोला बर्फवाल्या बाई."

"काका, उद्या पाऊस येतोय. वरपर्यंत. उद्या घळीत जाऊ नका."

"म्हणूनच तर पहाटे निघतोय. ऊन चढायच्या आत वर, ऊन तापायच्या आत खाली. हे काय आम्हाला नवीन आहे?"

"पहाटेचा उपयोग रात्री आभाळ मोकळं असेल आणि बर्फ गोठला असेल तर. आज रात्री ढग आहेत. काहीही गोठणार नाही. पहाट आणि दुपार सारखीच असेल."

"वल्लरी, मी पस्तीस वर्षं डोंगर बघतोय."

"तुमचे डोंगर दगडाचे आहेत, काका. ते तुम्ही जन्मायच्या आधीपासून तिथेच आहेत. हा जो वरचा डोंगर आहे ना, तो गेल्या आठवड्यात तयार झालाय. त्याची आणि तुमची काहीही ओळख नाही."

पलीकडे गाणं थांबलं होतं. काकांचा आवाज कोरडा झाला. "हे बघ पोरी, तू शिकलेली आहेस, मान्य. पण कॉम्प्युटरसमोर बसून डोंगर कळत नाही." आणि त्यांनी फोन सौमित्रकडे दिला.

"वल्ली, सोड ना आता," तो कुजबुजला. बहुधा बाहेर आला असावा, पायाखाली बर्फ करकरत होता. "सगळ्यांसमोर काय हे."

"तू नको जाऊस. पाय दुखतोय म्हण, पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण."

"आणि काकांना सोडू? ज्या माणसाने मला पाठीवर घेऊन... तू नाही समजणार."

"मला सगळं समजतं. काकांनी तेव्हा तुला वाचवलं म्हणून आता त्यांच्या हातून मेलास तर फिटंफाट, असं आहे का?"

"काय अभद्र बोलतेस!" त्याने फोन ठेवला.

वल्लरी खुर्चीत बसून राहिली. मागच्या हिवाळ्यात एका उतारावर खड्डा खणताना तिने तो आवाज ऐकला होता. पायाखाली 'धप्प' असा एकच आवाज, जणू घराखालची जमीन एक इंच खाली बसली. तो उतार त्या दिवशी सुटला नाही. तिचा सहकारी पांढराफटक पडला होता आणि दोघं आल्या पावली परत फिरले होते. त्या आवाजाला पस्तीस वर्षांचा अनुभव ठाऊक नसतो, पीएच.डी.ही ठाऊक नसते. वर कोण उभं आहे याची त्याला काडीचीही फिकीर नसते.

आता हातात एकच गोष्ट उरली होती. ती केली तर नवऱ्याची सगळ्यांसमोर मान खाली जाणार होती, काका तिचं नाव टाकणार होते, आणि पाच घरांतून तिच्या नावाने बोटं मोडली जाणार होती. नाही केली तर उद्या तिने काय करायचं, फोनकडे बघत बसायचं? वल्लरीने नाक पुसलं आणि त्या खाडीच्या भागातलं पोलीस ठाणं शोधून फोन लावला.

फोन घेणारी बाई शांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "पाऊस येतोय हे आम्हालाही माहीत आहे," ती म्हणाली. "पण आमच्या देशात डोंगरावर जाण्यापासून आम्ही कोणाला अडवत नाही. सांगू शकतो, अडवत नाही."

"अडवू नका," वल्लरी म्हणाली. "सांगूही नका, सांगून ते ऐकणार नाहीत. फक्त कोणाला तरी सकाळी घळीच्या तोंडाशी पाठवा. तिथे त्या माणसाने प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे. जॅकेटचा रंग कोणता, आणि तुम्ही सापडलात की घरी कोणाला फोन करायचा."

पलीकडच्या बाईने ते दोन प्रश्न लिहून घेतले. मग म्हणाली, "तिथे आमच्या मदतपथकाचा एक जण राहतो. त्याला सांगते."

रविवारी सकाळ अशी सरली की वल्लरीने भांडी घासली, ती पुन्हा घासली, आणि शेवटी फरशीवर बसून राहिली. फोन वाजला तेव्हा तिला उचलवेना. सौमित्रच होता.

"खाली आहोत आम्ही," तो म्हणाला. "तुला हेच हवं होतं ना?" आणि फोन बंद.

घडलं काय ते तिला दोन दिवसांनी कळलं, तेही तुकड्या-तुकड्याने, सौमित्र बूट साफ करता करता भिंतीकडे बघून बोलला तसं. पहाटे ते घळीच्या तोंडाशी पोचले तेव्हा बारीक पाऊस लागला होता. तिथे एक म्हातारा कुत्रं घेऊन दगडावर बसलेला. निवृत्त शाळामास्तर होता म्हणे, युट्रेख्टहून एका बाईचा फोन आला म्हणून पोलिसांनी पाठवलेला. त्याने सगळ्यांना कॉफी दिली. जाऊ नका असं चुकूनही म्हणाला नाही. मग अद्वयला, ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या मुलाला, त्याने जॅकेटचा रंग विचारला. निळा. घरी कोणाला फोन करायचा?

"आईला," अद्वय म्हणाला, आणि नंबर काढायला खिशात हात घातला. मग म्हणाला, "पण ती चिंचवडला असते. तिला इंग्रजी येत नाही. तुम्ही तिला सांगणार कसं?"

म्हाताऱ्याने विचारलं, "मग तिला तिच्या भाषेत सांगेल असं कोण आहे?" अद्वयने एकेकाकडे पाहिलं. सांगू शकणारे सगळे त्याच्याच बरोबर घळीत निघाले होते. तो तिथेच बर्फात बसला आणि बुटांना बांधलेले, बर्फात रुतायचे काटे सोडायला लागला.

"आणि तू?" वल्लरीने विचारलं.

"मी तुझा नंबर सांगायला लागलो." सौमित्रने बूट खाली ठेवला. "निम्म्यावर आलो आणि पुढचे आकडे आठवेनात. रोज लावतो तो नंबर."

काकांनी मात्र काही सांगायला नकार दिला होता. म्हातारा म्हणाला होता, हरकत नाही, आम्ही शोधू तुम्हाला. तोवर मागे पाचही जणांनी पिशव्या उतरवल्या होत्या. एकट्याने जाणं काकांच्याही नियमात बसत नव्हतं.

"सणाच्या तोंडावर सहा माणसांना समोर उभं करून मरणाचे प्रश्न विचारायला लावलेस तू," सौमित्र म्हणाला. "आमची लाज काढलीस, वल्ली."

"काढली. तेवढीच काढून परत मिळालास हे स्वस्तात पडलं."

"घळ पडली नाही. माहितेय ना तुला? दिवसभर पाऊस झाला, सोमवारी लख्ख ऊन पडलं, आणि घळीतला बर्फ जागच्या जागी. आम्ही जाऊन आलो असतो."

हे मात्र वल्लरीला लागलं. तिने रविवारपासून दहा वेळा आकडे तपासले होते. हिशोबात चूक नव्हती. आणि तरीही घळ उभी होती. तिच्या शास्त्रातलं हेच दुखणं आहे. धोका सांगणाऱ्याचं ऐकलं की तो खोटा ठरतो, आणि नाही ऐकलं तर खरा ठरल्याचं सुतक त्यालाच पाळावं लागतं. एका रात्री तर तिच्या मनात आलं की घळ पडायला हवी होती, रिकामी, कोणी नसताना, धडाडून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या विचाराचीच तिला लाज वाटली आणि मग रागही आला. माणूस जिवंत घरी आला, याचा पुरावा म्हणून डोंगरही कोसळून हवा होता काय?

पाडवा शनिवारी आला. डीमनच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. दाराशी गुढी उभी होती, रेशमी खण, कडुलिंबाऐवजी कुठल्यातरी डच झाडाची डहाळी आणि भारतातून आलेली साखरेची माळ. आत श्रीखंडाची पातेली, पुऱ्यांचा वास, आणि मुलं डचमध्ये आरडाओरडा करत खुर्च्यांमधून पळत होती. वल्लरी आत शिरली तशी दोन-तीन घोळक्यांतली बोलणी थांबली.

मंजूषाकाकूंनी तिला पुऱ्या लाटायच्या निमित्ताने बाजूला घेतलं. "हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते फार दुखावलेत. रात्री जेवत नाहीत नीट. दोन शब्द बोल सगळ्यांसमोर, चुकलं म्हण, आणि संपवून टाक. मोठ्या माणसापुढे वाकलं तर काही कमी होत नाही."

"काय चुकलं ते सांगा, काकू. मग म्हणते."

काकूंनी पुढची पुरी लाटायला घेतली. सौमित्रही दाराशी तेच म्हणाला होता. प्लीज, वल्ली, एकदा. तिने त्यालाही तेच विचारलं होतं.

दिवे मंद झाले. काकांनी प्रोजेक्टर लावला. विमानतळ, खाडी, लाकडी घर, चहा पिणारी टोळी. काका फर्डे बोलायचे, लोक हसत होते. शेवटचं चित्र आलं. स्वच्छ निळं आभाळ आणि त्याखाली ती घळ, पांढरी, अखंड, उन्हात झळाळणारी. काका चित्राशेजारी उभे राहिले.

"आणि मंडळी, ही ती प्रसिद्ध घळ, जी त्या दिवशी कोसळणार होती! आमच्या सोलापूरच्या बर्फवालीने वर्तवलं होतं. दुसऱ्या दिवशीचा फोटो आहे. जरा नीट बघा, कुठे टवका उडालाय का?" हशा पिकला. "भगव्याचा फोटो नाही, त्याबद्दल माफ करा. आम्हाला पोलिसांनी पकडलं होतं!" आणखी मोठा हशा. "वल्लरी, आहेस का? ये, पुढे ये. तूच सांग, ही पडणार होती की नव्हती?"

सगळ्या माना वळल्या. सौमित्रने तिचा हात धरला, बस म्हणून की जा म्हणून हे कळत नव्हतं. वल्लरीने हात सोडवून घेतला. पिठाचे हात ओढणीला पुसत ती पुढे गेली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

कोणीतरी टाळी वाजवली. काका हसून म्हणाले, "बघा!"

"मला माहीत नाही, आणि ते कोणालाच सांगता येत नाही. अशी घळ, असा पाऊस, खाली असा थर. तुम्ही दहा वेळा गेलात तर कदाचित सात वेळा सुखरूप याल. आणि ते सात वेळा तुम्ही इथे उभं राहून, चित्र दाखवून, मला हसाल. उरलेल्या तीन वेळचं चित्र दाखवायला कोणी येत नाही, काका. म्हणून तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही. तुमच्या पस्तीस वर्षांत तुम्हाला फक्त परत आलेलेच भेटले."

सभागृहात आता मुलांचाच आवाज होता.

"मला चुकलं म्हणायला सांगितलंय. मी म्हणणार नाही. तुमच्या तोंडावर मरणाचे प्रश्न मीच विचारायला लावले. अद्वयची आई चिंचवडला आहे, तिला मराठीत सांगायला मला जावं लागलं असतं. सौमित्र गेला असता तर मला कोणी सांगायचं? काकूंना कोणी सांगायचं? ते सगळं मलाच करायचं होतं. त्यापेक्षा तुमचा अपमान करणं मला सोपं वाटलं." तिने पडद्याकडे बोट केलं. "घळ जागेवर उभी आहे, आणि तुम्ही सहाही जण इथे जेवायला बसणार आहात. या दोन्हीतलं मी दुसरंच मागितलं होतं. पहिल्याशी माझं काही देणंघेणं नाही."

श्यामकांतकाका हातातला रिमोट चाचपत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण मान ताठच होती. "आम्ही पुढच्या वर्षी परत जाणार आहोत," ते म्हणाले. "त्याच घळीत."

"जा," वल्लरी म्हणाली. "पाऊस येत असेल तर मी परत फोन करीन."

ती वळली आणि सरळ मागे चालत आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सौमित्र उभा राहिला होता. त्याने तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसेपर्यंत उभाच राहिला. पुढे दिवे लागले, पानं मांडायची गडबड सुरू झाली, आणि लोक मोठ्या आवाजात श्रीखंडाबद्दल बोलायला लागले.

मंजूषाकाकू पुऱ्यांची परात घेऊन ओळीतून येत होत्या. वल्लरीपाशी आल्या तशा थांबल्या. त्यांनी तिच्या पानात एक पुरी वाढली, मग आणखी एक. लग्न झाल्यापासून हा नवरा डोंगरावर गेला की त्या दाराकडे कान लावून स्वयंपाक करत आल्या होत्या, आणि आजवर त्यांनी कोणालाही काही विचारलं नव्हतं.

"त्या पोलीस बाईचा नंबर," पुढे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मलाही देऊन ठेव. पुढच्या वेळी मीच करते."